मदत हवी आहे: वर्गात बुकक्रॉसिंग कसं राबवावं?

शाईपेन:
वर्गात ३० मुलं, वय १२ ते १४. कपाटात साठेक पुस्तकं आहेत, पण तीच चार-पाच मुलं ती नेतात. बुकक्रॉसिंग या साइटवर पुस्तकं नोंदवून, वर क्रमांक लावून बाहेर मोकळी सोडायची, ज्याला सापडेल त्यानं तो क्रमांक साइटवर टाकून नोंद करायची आणि ती कुठं पोचली ते मुलांनी बघायचं, असा विचार आहे. शंका तीन: सोडलेल्या पुस्तकाची नोंद खरंच येते का? मुलांची खाती काढावीत का? मुलांनी पुस्तक न वाचताच त्याबद्दल नोंद टाकली तर?

फडताळ:
पहिल्याचं उत्तर: फार कमी वेळा येते. पुस्तक उचलणारे बरेच, साइटवर जाऊन क्रमांक टाकणारे मोजके. हा उद्योग २००१ पासून चालू आहे. मुरलेले सभासदही सोडलेलं पुस्तक 'गेलं' असंच धरून चालतात. मुलांना एवढा धीर नसतो. म्हणून सुरुवात 'बुकरिंग'नं करा. त्यात ठरलेल्या यादीप्रमाणे पुस्तक फिरतं आणि मालकाकडे परत येतं.

६ जणांचा एक गट, असे ५ गट. प्रत्येक गटाला ६ पुस्तकं, दर दुसऱ्या शुक्रवारी अदलाबदल, १२ आठवड्यांत फेरी पूर्ण. 'वाचून झालं की पुढे द्या' असं मात्र ठेवू नका. एकाला वेळ लागला की त्याच्यामागचे सगळे रिकाम्या हातानं बसतात. तारखेला पुस्तक हललंच पाहिजे. राहिलेलं फेरी संपल्यावर वाचता येतं. पानं १२०च्या आत असलेली पुस्तकं निवडा.

आणि निम्मी पुस्तकं कपाटातच राहू द्या.

निळी_खूण:
लेबलाबद्दल. साइटवर पुस्तक नोंदवलं की त्याचा स्वतःचा क्रमांक मिळतो, बीसीआयडी. तो दोन ठिकाणी हवा: मुखपृष्ठाच्या आत आणि शीर्षकाच्या पानावर, कारण चिकटवलेलं लेबल कधीतरी निघतंच. हातानं लिहिलेले १ आणि ९ लोक हमखास उलटसुलट वाचतात, तेव्हा क्रमांक छापूनच घ्या. वर सेलोटेप मारू नका. ती पिवळी पडते आणि काढताना कागद सोलते. साधा डिंक पुरतो.

पुढे कधी बाहेर ठेवलंत, तर मुखपृष्ठावरच ठळक लिहा: 'हे हरवलेलं नाही, घेऊन जा.' नाहीतर भला माणूस ते हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर नेऊन देतो आणि प्रवास तिथंच संपतो.

फडताळ:
खात्यांचं: मुलांची काढूच नका. अमेरिकेतल्या १९९८च्या बालगोपनीयता कायद्यामुळे तिथल्या बऱ्याच साइट्सवर १३ वर्षांखालच्यांना मनाई असते, आणि तुमचा वर्ग नेमका त्या रेषेवर आहे. एकच खातं, तुमच्या हातात. नोंदी जगाला दिसतात, तेव्हा नावाऐवजी 'वाचक ७'. शाळा, फोटो, गाव काही नाही. मुलांनी चिठ्ठीवर लिहायचं, टाइप तुम्ही करायचं. ३० चिठ्ठ्यांना तासभर जातो, तो धरून चाला.

कोरा_कागद:
न वाचता टाकलेली नोंद लगेच ओळखू येते, ती मागच्या मुखपृष्ठावरच्या मजकुराची नक्कल असते. 'पुस्तक कसं वाटलं?' विचारलं की 'छान होतं'च येणार. त्याऐवजी दोन प्रश्न द्या: कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलं? पुढच्या वाचकानं कुठल्या पानाची वाट बघावी? 'पान ४७ला दार कुणी उघडलं ते सांगणार नाही' अशी एक चिठ्ठी पुढच्या मुलाला थेट त्या पानाकडे ओढते. चिठ्ठी पुस्तकातच राहू द्या, साइटवर तिची प्रत जाऊ दे.

गुण देऊ नका. गुण आले की नक्कल आलीच.

शाईपेन:
तिघांचेही आभार. शेवटचं: पुस्तक अर्धवट सोडलं, तर ती नोंद घ्यावी का?

कोरा_कागद:
घ्याच, पान क्रमांकासकट. एकाच पुस्तकाला तिघांनी पान २०च्या आसपास सोडलं असेल, तर ते रिंगमधून काढा आणि कपाटातलं दुसरं टाका.