हिरवा ठिपका खोडला म्हणून फोटो बाद. बरोबर की चूक?

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीत दिवाळीत फोटोस्पर्धा असते. बक्षीस ५०१ रुपये आणि फराळाचा डबा, त्यामुळे चुरस भयंकर. नियम एका ओळीचा: फोटो मोबाइलवर काढलेला हवा, एडिट केलेला नको. परीक्षक तिघं, त्यातला एक मी.

यंदा एका कॉलेजातल्या मुलीने दिवाळी पहाटेचा ठाण्यातल्या तलावपाळीचा फोटो दिला. वर उजव्या कोपऱ्यात स्टेजचा भगभगीत फ्लडलाइट, खाली गर्दी, मागे मासुंदा तलावाच्या पाण्यात उतरलेल्या दिव्यांच्या लांब रेघा. फोटो उत्तमच. पण तिने सोबत खरं खरं लिहून दिलं की खाली डावीकडे दोन हिरवे ठिपके आले होते, ते फोनमधल्या इरेझरने काढले. झालं, दोन विरुद्ध एक मतांनी फोटो बाद. तो एक मी.

माझं म्हणणं असं. तो ठिपका तलावपाळीवर नव्हता. त्या पहाटे तिथे हजारो लोक होते, एकालाही तो दिसला नाही. तो भिंगाच्या पोटात तयार झाला. समोर असलेली वस्तू खोडणं म्हणजे लबाडी, पण कॅमेऱ्याने स्वतःहून घातलेला कचरा काढणं म्हणजे काच पुसण्यासारखंच. वर्ल्ड प्रेस फोटोसारखी बातमी-फोटोंची कडक स्पर्धासुद्धा सेन्सरवरच्या (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीवरच्या) धुळीचे डाग काढू देते. आमची सोसायटी त्यांच्याहून कडक निघाली.

वरचा मजला

धागाकर्त्यांनी नाव घेतलं नाही, पण त्या दोनातला एक मी. रविवारी मीटिंगमध्ये झालं ते अर्धंच इथे आलंय, उरलेलं मी सांगतो.

ठिपका काढला यावर माझा आक्षेप नव्हताच. त्या जागी जे भरलं त्यावर होता. फोटो लॅपटॉपवर मोठा करून तुम्हालाही दाखवला होता, आठवतं का? डावीकडे खाली मांडवाच्या खांबाला दिव्यांची माळ गुंडाळलेली आहे. ठिपका बरोबर तिच्यावर पडला होता. इरेझरने ठिपक्याबरोबर माळेतले दोन दिवे गिळले आणि तिथे खांबाचा गुळगुळीत कापडी रंग थापला. शेजारच्या बाईंच्या अंबाड्यातल्या गजऱ्याचं एक टोकही गेलं. ते दिवे होते, तो गजराही होता. म्हणजे समोरची वस्तू खोडली गेलीच, फक्त हेतू वेगळा होता.

धुळीचा डाग काढताना खाली बहुधा आकाश असतं. इथे खाली माणसं होती.

पाचपाखाडीकर

गजऱ्याचं टोक! अहो काका, तो फोटो ४०० टक्के मोठा केल्याशिवाय हे दिसत नव्हतं.

वरचा मजला

मग हिरवा ठिपका तरी कुठे फार मोठा होता? राहू द्यायचा.

मांडवातला कॅमेरा

मी लग्नाचे व्हिडिओ करतो, ठाण्यापासून पनवेलपर्यंत. तुमचं भांडण वाचून हसू येतंय. आमच्याकडे लोक फ्लेअर, म्हणजे दिव्यामुळे भिंगात उठणाऱ्या अशा रेघा-ठिपके, मागून घेतात. वरातीच्या दिव्यांतून नवरदेव येताना ती निळी आडवी रेघ नसेल तर ‘सिनेमॅटिक नाही वाटत’ म्हणतात. ती रेघ मुळात ॲनामॉर्फिक भिंगांची, रुंद पडद्याच्या सिनेमासाठी वापरतात त्यांची. आता तशीच रेघ टाकणारे फिल्टर लोक विकत घेतात. एकजण पैसे देऊन घालतो, दुसरा खोडतो म्हणून बाद होतो.

माझं मत: ठेवा. समोर झगझगीत दिवा होता हे फ्लेअरमुळेच कळतं. डोळा दिपला होता ना तेव्हा? मग फोटोनेही थोडं दिपावं.

खाडीकाठ

असहमत. सिनेमातली रेघ आणि फोनमधला हिरवा ठिपका यांची तुलनाच चुकीची. रेघ निदान दिव्याला चिकटून असते, तिच्यात काही अर्थ तरी दिसतो. ठिपका दिव्याच्या बरोबर उलट टोकाला, कुणाच्या तरी कपाळावर. आमच्या ऐरोलीच्या घरातल्या सत्यनारायणाच्या फोटोत गुरुजींच्या गालावर हिरवी लाइट लागली आहे. आईने तो फोटो कुणालाच पाठवला नाही.

चष्मेवाली

मी नौपाड्यात चष्म्याच्या दुकानात बसते. फोटोतलं फार कळत नाही, काचेतलं कळतं, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

कोटिंग नसलेल्या काचेवर प्रकाश पडला की प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के परत फिरतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात प्लॅस्टिकची सहा-सात छोटी भिंगं असतात. सात धरली तर चौदा पृष्ठभाग. कोटिंगशिवाय ४० टक्क्यांहून जास्त उजेड वाटेतच परत फिरला असता. १९३५ मध्ये झाइस कंपनीतल्या स्माकुला यांनी या परावर्तन मारणाऱ्या थराचं पेटंट घेतलं, त्याचेच नातू-पणतू आज तुमच्या फोनवर आणि नाकावर आहेत. पण कोटिंग सगळ्या रंगांना सारखं अडवत नाही. अँटी-ग्लेअर चष्मा तिरका धरा, वर हिरवी झाक दिसेल. जो रंग थोडा सुटतो, त्याचाच ठिपका दिसतो.

आता ठिपका उलट टोकालाच का? दिव्याचा उजेड सेन्सरपर्यंत पोचतो, तिथून थोडा उलटा फिरतो, भिंगांतून बाहेर यायला निघतो, बाहेरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. या फेरीत प्रतिमा फोटोच्या मध्याभोवती उलटी होते. दिवा वर उजवीकडे, तर ठिपका खाली डावीकडे. पट्टी ठेवून बघा, दिवा, फोटोचा मध्य आणि ठिपका एका रेषेत सापडतील. नाही सापडले तर तो ठिपका नसून खरोखरच तिथे काहीतरी हिरवं आहे!

आणि माझा खरा प्रश्न: त्या मुलीच्या ठिपक्यांची जोडी होती असं वर लिहिलंय. एकाच दिव्याचे, शेजारी-शेजारी, सारख्या आकाराचे दोन ठिपके? तसं असेल तर कॅमेऱ्यावर दुकानातून लेन्स प्रोटेक्टर लावून घेतलाय का ते विचारा. स्टेशनबाहेर शंभर-दीडशेत बसवून देतात ती गोल काच. तिला बहुतेकदा कोटिंग नसतं आणि खाली धुळीचा कण राहिला की ती जराशी तिरकी बसते. फोनच्या स्वतःच्या काचेवरून एक ठिपका, या तिरक्या काचेवरून दुसरा, थोडा सरकलेला.

पाचपाखाडीकर

जोडीच होती. विचारतो.

खाडीकाठ

चष्मेवाली, एक राहिलं. जांभळ्या कडांचं काय? पांढऱ्या आभाळासमोर नारळाच्या झावळ्या घ्या, प्रत्येक पातीला जांभळी किनार. खाडीवरचे फ्लेमिंगो काढायला जातो तर पाय जांभळे.

तिसरी घंटा

जांभळी कडा म्हटलं की आम्हा ठाणेकरांना जांभळी नाकाच आठवतो. कंदील तिथूनच आणतो, म्हणून कंदिलाच्या कडा जांभळ्या येत असाव्यात.

चष्मेवाली

तिसरी घंटा, तुम्हाला साष्टांग 🙏

खाडीकाठ, तो आजार वेगळा. भिंग प्रत्येक रंगाला थोडं वेगळं वाकवतं. जांभळा आणि निळा जरा अलीकडेच जुळतात, तांबडा पलीकडे. फोन फोकस बहुतेक हिरव्याच्या आसपास धरतो, त्यामुळे जांभळा पसरट राहतो. एरवी लक्षात येत नाही, पण गडद पातीला लागून पांढरंफेक आभाळ असलं की तो पसरलेला जांभळा पातीवर सांडतो. आमच्याकडे पॉलिकार्बोनेटचा जास्त नंबराचा चष्मा नेला की लोक दुसऱ्या दिवशी परत येतात: ‘ट्यूबलाइटच्या कडेला निळी-पिवळी रेघ दिसते.’ कडेने बघितलं की दिसणारच. त्या प्लॅस्टिकचा ॲबे नंबर ३० च्या आसपास, सीआर-३९ या चष्म्याच्या साध्या प्लॅस्टिकचा ५८. हा ॲबे नंबर जेवढा कमी तेवढी रंगांची फाटाफूट जास्त. दोन वेगळ्या काचा जोडून ही फूट मिटवण्याचं पेटंट लंडनच्या भिंगवाल्या डॉलंड यांना १७५८ मध्ये मिळालं, फोनवाले तेच वेगवेगळी प्लॅस्टिकं जोडून करतात. कमी होते, पूर्ण जात नाही.

मोठ्या कॅमेऱ्यात उजेड आत येण्याचं छिद्र लहान करून ही किनार आटोक्यात येते. फोनचं छिद्र बहुतेक ठरलेलंच. म्हणून उजेड थोडा कमी करा, स्क्रीनवर बोट दाबून सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. आभाळ फटफटीत पांढरं झालं नाही की किनारही बरीच घटते.

वरचा मजला

यावर माझ्याकडे ताजं उदाहरण आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे.

आमच्या मातोश्रींच्या पंच्याहत्तरीचा फोटो. बाल्कनीत उभ्या, मागे उजेड, अंगावर मोरपिशी पैठणी, काठ जांभळा. केसांच्या कडेला जांभळी झालर आली होती. भाच्याने ॲपमधलं ‘डीफ्रिंज’ लावलं. झालर गेली. आणि पदराचा जो काठ उजेडाला लागून होता तो राखाडी झाला! त्या बिचाऱ्या ॲपला भिंगाचा जांभळा कुठला आणि येवल्याचा कुठला हे काय कळणार? त्याने कडेला दिसेल तो जांभळा धुतला. आई फोटो बघून म्हणाली, ‘ही साडी माझी नाही.’

म्हणून म्हणतो, ‘कॅमेऱ्याचा कचरा’ आणि ‘खरी वस्तू’ वेगळी करणं बोलायला सोपं आहे. करणारं यंत्र ते वेगळं करत नाही.

पाचपाखाडीकर

हे उदाहरण तगडं आहे, मान्य. पण काका, मग पहिलं बक्षीस ज्या फोटोला दिलंत तो कुठल्या फोनचा? आयफोनचा. २०२१ मध्ये आयओएस १५ ची (आयफोनच्या सॉफ्टवेअरची) चाचणी-आवृत्ती आली तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं की काही फोटोंतले हिरवे ठिपके फोन स्वतःच पुसतोय. लाइव्ह फोटो (फोटोबरोबर टिपलेली छोटी हलती चित्रफीत) चालवला की ठिपका दिसायचा, थांबलेल्या फोटोत गायब. म्हणजे ज्याच्या फोनने न सांगता पुसलं तो ‘एडिट न केलेला’, आणि जिने स्वतः पुसलं व तसं लिहूनही दिलं ती बाद. खरं बोलल्याची शिक्षा झाली ही.

आणि पुसण्यावरच थांबतंय कुठे? २०२३ च्या मार्चमध्ये एका माणसाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेले चंद्रावरचे डाग फोटोत आले. कोजागिरीला गच्चीवरून काढलेले सगळ्यांचे चंद्र बाद करायचे का मग?

वरचा मजला

करायचे. माझाही.

मांडवातला कॅमेरा

😂 काका पेटले.

एक धंद्यातली गोष्ट सांगतो, दोघांचंही भागेल. ठिपका दिसला की फोन जरासा वळवून लगेच दुसरा फोटो काढायचा. दिव्याची जागा चौकटीत बदलली की ठिपका उलट्या दिशेने पळतो, माळ आणि गजरा आपल्या जागी राहतात. मग पहिल्या फोटोतला झाकलेला तुकडा दुसऱ्यातून आणून बसवायचा. मनाने काही भरलं नाही, दिवे खरे, गजरा खरा. याला तरी एडिट म्हणाल?

वरचा मजला

हो म्हणेन. पण चिडणार नाही.

खाडीकाठ

हे सगळं करण्यापेक्षा दिव्यावर हात धरा ना. २०१२ मध्ये आयफोन ५ च्या फोटोत जांभळी धुंद येते म्हणून ओरड झाली तेव्हा ॲपलने हेच सांगितलं होतं: छोट्या कॅमेऱ्यांत असं होऊ शकतं, कॅमेरा जरा हलवा किंवा हाताने आडोसा करा. लोक चिडले होते, पण उपाय खरा आहे.

चष्मेवाली

दिवा चौकटीबाहेर असेल तरच आडोसा चालतो. इथे दिवा फोटोतच आहे, त्यावर हात धरला तर फोटोत हात येईल.

त्याआधी काच पुसा. चकलीचं तेल लागलेल्या बोटांनी फोन धरायचा आणि मग दिव्यातून रेघा निघाल्या म्हणायच्या. एकदा करून बघा: बोट काचेवर वरून खाली फिरवा, दिव्याची रेघ आडवी पसरेल. आडवं फिरवा, रेघ उभी होईल. म्हणून सुती मऊ कापड, गोल गोल. शर्टाचं टोक नको, ओढणी नको.

पाचपाखाडीकर

अपडेट. मुलीशी बोललो. प्रोटेक्टर आहे, स्टेशनबाहेरून बसवलेला. काल संध्याकाळी ती, तिचा भाऊ आणि मी तलावपाळीवर गेलो. स्टेज नाही आता, म्हणून रस्त्याचा दिवा कोपऱ्यात घेतला. प्रोटेक्टरसकट: ठिपक्यांची जोडी, शिवाय काळ्या पाण्यावर दुधाळ धुंद. मग नखाने प्रोटेक्टर उचलला. खाली एका बाजूला खरंच बारीक कण होता, मोहरीच्याही पाव. त्याच जागेवरून पुन्हा फोटो: एकच ठिपका, तोही फिका, आणि पाणी काळंभोर. जांभळी किनार मात्र काठावरच्या झाडांना होती तशीच.

मुलगी म्हणाली, ‘काका, आधी कुणी सांगितलं असतं तर खोडलंच नसतं.’ तिच्या काचेवर आता गोंदाचं कडं राहिलंय, ते कशाने काढायचं?

चष्मेवाली

घासू नका, खाजवू तर अजिबात नका. दुकानात घेऊन या, मी काढून देते. पैसे नकोत.

वरचा मजला

पुढच्या वर्षीच्या नियमात ‘लेन्स प्रोटेक्टर काढून फोटो काढावा’ ही ओळ घालायला माझी हरकत नाही. ‘एडिट नको’ मात्र तसंच राहील.

पाचपाखाडीकर

आणि फोनने आपणहून केलेलं?

वरचा मजला

त्यावर मीटिंग घ्या. चहा तुमच्याकडे.