फाउंडेशन बदलल्यावर थरथर वाढली, मदत हवी आहे

ऐरोलीकर११: परवा गॅरेजात इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग) बदलून घेतलं. पैसे गेले आणि थरथर उलट वाढली. सिग्नलला थांबलं की स्टेअरिंग, सीट सगळं नाचतं. गॅरेजवाला म्हणतो, "नवीन रबर आहे, सेट होईल." खरंय का? लवकर सांगा, शनिवारी साताऱ्याला जायचंय.

बोनेटबहाद्दर: गाडी कुठली? साल? एक माउंटिंग बदललं की सगळी? ज्योतिषालाही जन्मवेळ लागते हो.

ऐरोलीकर११: वॅगनआर, २०११. टायमिंग साइडचं (गिअरबॉक्सच्या विरुद्ध बाजूचं) एकच फाटलं होतं, तेवढंच बदललं.

चक्रधर: तीन सिलिंडरचं इंजिन, थरथरणारच. विकून टाका. मी जुनी होंडा सिटी घेतली, मस्त चाललीय.

बोनेटबहाद्दर: चक्रधर, तीन सिलिंडर पहिल्यापासून आहेत, परवा एक कमी नाही झाला! ऐरोलीकर, बोल्ट कसे आवळले ते विचारा. इंजिन जॅकवर असतानाच कचकचून आवळले तर रबर पिळलेलंच राहतं. बोल्ट सैल ठेवून जॅक काढायचा, इंजिन स्वतःच्या वजनाने बसू द्यायचं, मग आवळायचं. आणि पार्ट लोकल की कंपनीचा? लोकल रबर बऱ्याचदा टणक निघतं, सगळे हादरे बॉडीत पोचवतं.

तुर्भेनाका: बाकीची माउंटिंगं कुणी बघितली का? हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून ठेवा, बोनेट उघडून एकाला बाजूला उभं करा (समोर नाही!). पहिला टाकून क्लच किंचित सोडा, मग रिव्हर्सला तसंच. इंजिन उसळलं तर गिअरबॉक्सकडचं किंवा मागचंही गेलंय.

नेरुळचीवहिनी: २०११ची म्हणजे १५ वर्षं भरली की हो! आरसी रिन्यू करायची तर फिटनेस, पर्यावरण कर, सगळं लागतं. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी लावलीत का? मला तर तारीखच मिळत नव्हती.

ऐरोलीकर११: वहिनी, पाटी लावलीय, पासिंगचं नंतर बघू. पार्ट लोकलच असणार, बिल दिलं नाही. मागचं माउंटिंग बघितलं, ठीक वाटतंय. गाडी कायम गॅसवरच असते, त्याने काही फरक पडतो का?

तुर्भेनाका: अहो, सीएनजी आहे हे आत्ता सांगताय? पेट्रोलवर टाकून बघा. थरथर कमी झाली तर आधी प्लग आणि कॉइल बघायचे. गॅसला ठिणगी जोरकस लागते. प्लग झिजून गॅप वाढला की गॅसवर मिस होतं (एखाद्या सिलिंडरमध्ये गॅस नीट पेटत नाही), पेट्रोलवर कळतही नाही.

चक्रधर: म्हणून सीएनजी नकोच म्हणतो मी. डिकीत एक बॅग मावत नाही.

बोनेटबहाद्दर: पण मग परवापासूनच का वाढली? मी बोल्टवरच ठाम आहे.

तुर्भेनाका: मिसिंग आधीपासून असेल. जुनं मऊ रबर ते गिळत होतं, हे टणक रबर गिळत नाही.

ऐरोलीकर११: आत्ता खाली जाऊन बघितलं. पेट्रोलवर निम्म्याने कमी! पण एसी लावला की परत सुरू.

तुर्भेनाका: तिन्ही प्लग एकदम बदला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करून घ्या. एसीच्या लोडवर आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) पडत असेल.

बोनेटबहाद्दर: आणि बोल्ट.

ऐरोलीकर११: बरं, दोन्ही करतो. ओरिजिनल प्लग कोपरखैरणे-घणसोलीकडे कुठे मिळतील? उद्या दुपारपर्यंत हवेत.

नेरुळचीवहिनी: साताऱ्याला जाताय तर कंदी पेढे आणा.