ब्रिटिश रॉकचा रिदम टोन: गेन नेमका किती ठेवावा?

प्रश्न
साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश बँडमधील रिदम गिटारचा आवाज करकरीत असूनही त्यात प्रत्येक तार वेगळी ऐकू येत असे. तसा आवाज मिळवण्याचा मी प्रयत्न करत आहे. माझा अ‍ॅम्प वीस वॅटचा, व्हॉल्व्हचा आणि मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज ठरवणारे बटण) असलेला आहे. गिटारला ब्रिजपाशी हम्बकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) आहे. गेन (अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यात सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) ८, बेस ७, मिड ३, ट्रेबल ७ आणि मास्टर २ हे सेटिंग एकट्याने वाजवताना भारदस्त वाटते, परंतु बँडसोबत पूर्ण कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक स्वर) गिचमिड होतात. चूक कुठे होत असावी?

उत्तर १
गेन निम्म्यावर आणा. मार्शलचा १९६२ मधील जेटीएम ४५ हा अ‍ॅम्प फेंडर कंपनीच्या बेसमन अ‍ॅम्पच्या सर्किटवर बेतलेला होता आणि त्याला मास्टर व्हॉल्यूम नव्हता; त्यामुळे आवाज वाढवला की पॉवर व्हॉल्व्हमध्येही (शेवटच्या टप्प्यातील व्हॉल्व्हमध्ये) आवाज फाटू लागे, म्हणजेच डिस्टॉर्ट होई. तुमचा मास्टर २ वर असल्याने सगळे डिस्टॉर्शन एकट्या प्रीअ‍ॅम्पमधून (अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यातून) येते. शिवाय, अनेक स्वर एकत्र डिस्टॉर्ट झाले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर उमटतात. पॉवर कॉर्डमध्ये (फक्त मूळ स्वर आणि त्याचा पंचम) ते खपून जातात, पूर्ण मेजर कॉर्डमध्ये मात्र एकमेकांवर आदळतात. गेन ४, बेस ३, मिड ७, ट्रेबल ५ यापासून सुरुवात करा आणि मास्टर शक्य तितका वर न्या. खर्ज बेस गिटारसाठी मोकळा सोडावा.

उत्तर २
वरील आकडे मार्शल पद्धतीच्या अ‍ॅम्पसाठी योग्य आहेत, पण ते व्हॉक्स एसी३० या अ‍ॅम्पवर जसेच्या तसे वापरू नयेत. त्याच्या टॉप बूस्ट चॅनेलला मिडचे बटणच नाही, बेस आणि ट्रेबल दोन्ही वर नेले की मिड आपोआप खचतो. आणि ‘कट’ हे बटण वाढवले की (अनेकजण इथेच फसतात) ट्रेबल कमी होतो.
स्वरमेळणीचाही विचार करावा. रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स सर्वांत जाड तार काढून उरलेल्या पाच तारा ओपन जी मध्ये (नुसत्या तारा छेडल्या तरी जी मेजर कॉर्ड वाजेल अशा मेळणीत) लावतात, त्यामुळे खालचा गोंगाट मुळातच उरत नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. एकट्याने वाजवताना नवे सेटिंग अगदी उघडेबोडके वाटले, परंतु बँडमध्ये प्रथमच माझे कॉर्ड मला ऐकू आले. आता स्वच्छ भागासाठी गिटारचा व्हॉल्यूम ६ वर आणला की धार जाते. त्यावर उपाय आहे का?

उत्तर १
गिटारच्या व्हॉल्यूम पॉटच्या (बटणाखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) इनपुट आणि आउटपुट या दोन टोकांमध्ये सुमारे एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. तो ट्रेबलला पुढे जाऊ देतो. फार किरकिरे वाटल्यास त्याला दीडशे किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावून पाहा.