अनुभव धागा: आमच्या युथमधली दिव्यांग मुलं

वसईत काय किंवा नगर-नाशिककडच्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या परिसरात) काय, युथ, म्हणजे चर्चचा तरुणांचा गट, म्हटलं की कॅरोल, क्रिकेट, शिबिर आणि पथनाट्य. दिव्यांग मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गात दिसतात, दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालं की पुढे दिसेनाशी होतात. धर्मशिक्षणासाठी व्हॅटिकनने २०२० साली काढलेली मार्गदर्शिका सांगते की ही माणसं श्रद्धेचं दान घेणारीही आहेत आणि देणारीही. कागद चांगलाच आहे. प्रत्यक्षात तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. कौतुकाचं लिहा, तक्रारीचंही लिहा, फक्त तक्रारीत चर्चचं किंवा माणसाचं नाव नको.

एक आई, वसई
माझा मुलगा डाउन सिंड्रोमचा आहे. त्याच्या बरोबरीच्या मुलांचं पहिलं कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र केलेली भाकर, पहिल्यांदा घेणं) झालं, तेव्हा "त्याला काय कळणार, थांबू या" असं सांगून आम्हाला बाजूला ठेवलं. पुढे नवे फादर आले. त्यांनी त्याला वेदीजवळ नेलं, आधी साधी भाकर दाखवली, मग ख्रिस्तप्रसाद, आणि विचारलं, "हे कोण?" "येशू," तो म्हणाला. झाली परीक्षा! आता युथच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गीतांची पुस्तकं तोच वाटतो. प्रत्येक पुस्तकाचा क्रूस वर आला पाहिजे हा त्याचा नियम, त्यामुळे रांग हळू सरकते. ज्याच्या हातात मोबाइल दिसेल त्याला पुस्तक मिळत नाही. कॅप्टनलासुद्धा नाही मिळालं एकदा.

व्हीलचेअरवाली
शिबिराला मला दरवर्षी आमंत्रण असायचं, आणि तिथे गेल्यावर "तू आराम कर" हे एकच काम. अरे, मी बँकेत नोकरी करते, आराम घरी करेन! यंदा नोंदणी आणि हिशेब माझ्याकडे मागून घेतले. सगळ्यांनी मुकाट पैसे भरले.
रॅम्पबद्दल थोडं, कारण इथेच सगळे चुकतात. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. आमच्या हॉलच्या दोन पायऱ्या मिळून बरोबर एक फूट, आणि पोरांनी उत्साहाने चार फुटांची फळी टाकली. त्यावरून चढणं नाही, घसरगुंडी होते. आता एका काकांनी प्लायचे तीन तुकडे जोडून घडीचा रॅम्प केलाय, टेम्पोत मावतो. आणि शौचालयाचं दार एकदा तरी टेपने मोजा हो. तिथे खुर्ची शिरत नसेल तर मी दिवसभर पाणी पीत नाही, ही गोष्ट कुणाला सांगताही येत नाही.

कर्णबधिर भावाची बहीण
भाऊ नाताळचा गोठा करायला सगळ्यांत पुढे. वायरिंग, बांबू, डोंगर, सगळं त्याचं. पण मीटिंगला बोलावणं नसायचं, कारण "तो ऐकू शकत नाही ना". मग युथमधल्या दोघी मुलींनी यूट्यूबवरून भारतीय सांकेतिक भाषा शिकायला घेतली. इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटरचा दहा हजार शब्दांचा कोश आहे, फुकट पाहता येतो. आता मीटिंगमध्ये लक्ष वेधायचं तर हॉलचा दिवा दोनदा बंद-चालू करतात. बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, तोंडावर अंधार येतो. एवढ्या दोन नियमांनी निम्मं काम झालं.
पापनिवेदनाचं (फादरांसमोर पापं कबूल करण्याचं) पुष्कळांना माहीत नसतं म्हणून लिहिते. चर्चच्या कायद्यात, कॅनन (कलम) ९९० मध्ये, दुभाष्यामार्फत पापनिवेदन करायची मुभा आहे, आणि गुप्तता दुभाष्यालाही बंधनकारक. भाऊ मात्र कागदावर लिहून देतो, फादर वाचून कागद त्याच्याच हातात परत देतात, तो तिथेच फाडतो. बहीण दुभाषी नको म्हणाला, आणि बरोबरच आहे त्याचं! २०२४ मध्ये केरळात त्रिशूरला एका कर्णबधिर तरुणाला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. ती बातमी त्याने महिनाभर स्टेटसला ठेवली होती.

अंध वाचक, श्रीरामपूरकडचा
मी मिस्सात पहिलं वाचन करतो. रविवारचं वाचन मला गुरुवारपर्यंत व्हॉट्सॲपवर आवाजात मिळालं की मी पाटी-स्टायलसने ब्रेलमध्ये उतरवून घेतो. शनिवारी रात्री मिळालं तर नाही जमत, कारण बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातली नावं पाठ नसतात. वाचताना डावा हात ओळीच्या सुरुवातीला, उजवा पुढे, त्यामुळे माईक हातात धरता येत नाही, स्टँड हवा. मिस्सानंतर म्हाताऱ्या बाया डोक्यावरून हात फिरवून "देवाने केवढी परीक्षा घेतली" म्हणतात. मावशी, वाचन कसं झालं ते सांगा की.
हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेत गर्दीत काठी चालत नाही. तिथे मित्राचं कोपर धरतो. मित्राने मला धरायचं नाही, मी मित्राला धरायचं, हे आधी ठरवून घ्या.

युथ ॲनिमेटर
आमच्याकडे एक ऑटिस्टिक मुलगी आहे. प्रेज अँड वर्शिपचा (भक्तिगीतांचा) स्पीकर लागला की कानावर हात. आम्ही सॅक्रिस्टीशेजारची (फादरांच्या तयारीच्या खोलीशेजारची) खोली तिला मोकळी ठेवली आणि दिवसाचा कार्यक्रम चित्रांत काढून दिला. गंमत म्हणजे ते चित्र बाकीचीच पोरं जास्त बघतात.

नाव नको
मला ३ डिसेंबरचा राग आहे. वर्षातून एकदा दिव्यांग दिन, शाल, नारळ, फोटो, पुढच्या बाकावर बसवायचं. ४ तारखेला युथच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी नाहीच. मला ग्रुपमध्ये घ्या, शाल नको.

नवीन सभासद
आमचं धर्मग्राम छोटं, युथमध्ये जेमतेम पंधरा मुलं. एका मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू कमजोर होत जाण्याचा आजार) आहे, पॉवरची (बॅटरीवर चालणारी) खुर्ची जड असते म्हणून तो येतच नाही. सुरुवात कुठून करू?

व्हीलचेअरवाली
आधी त्यालाच फोन करा, आईला नको. पुढची मीटिंग त्याच्या घरी ठेवली तर चालेल का विचारा. पंधरा जण कुठल्याही पडवीत मावतात. आणि हो, अजेंडा त्याच्याकडूनच लिहून घ्या.