कर्णबधिर मुलांच्या शाळेत काम केलंय? अनुभव लिहा

आवाज न काढता आरशासमोर 'बाबा', 'मामा', 'पापा' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात.

हे मला एका सहा वर्षांच्या मुलानं शिकवलं. मी मराठवाड्यातल्या एका निवासी शाळेत नुकतीच विशेष शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. त्याला न्यायला मामा आला होता. मी ओठ ठळक हलवत 'मामा आला' म्हटलं आणि पोरगं 'बाबा' समजून फाटकाकडे सुसाट धावलं. मामाला बघून जे भोकाड पसरलं! बाबा ऊसतोडीला गेलेले, पाडव्याच्या आत कुठले यायला.

तेव्हा वर्गात खुणा करायला बंदी होती. 1880 साली मिलानला परिषद भरली, बधिर मुलांना बोलूनच शिकवायचं असा ठराव झाला. ठराव करणारे जवळपास सगळे ऐकू येणारे. तो ठराव आमच्या तालुक्याला शंभर वर्षांनंतरही लागू होता. मी 'प' शिकवताना तोंडासमोर कागदाची पट्टी धरायचे. नीट फुटला तर पट्टी हलते. 'म'साठी नाकावर बोट ठेवून कंप जाणवू द्यायचा. 'क' तर घशात होतो, दिसतच नाही. चमच्याच्या दांड्यानं जिभेचं टोक दाबून धरायचं आणि वाट बघायची. एका 'क'ला दोन-दोन महिने.

आणि रात्री वसतिगृहात हीच मुलं बल्बखाली हातांनी भुताच्या गोष्टी सांगायची. ऐन रंगात लोडशेडिंग झालं की गोष्ट तिथंच तुटायची. सगळा हॉल चडफडायचा.

तर शिक्षक, काळजीवाहक, स्वयंपाकाच्या मावशी, पालक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. फक्त 'केवढं पुण्याचं काम' असलं नको. पुण्य मिळतं, पगार मात्र वेळेवर मिळत नाही.

काळजीवाहक, कोकण

बाई, लाईटचं अगदी खरं. आमच्याकडं पोरांनी त्यावर तोड काढली. एकानं दुसऱ्याच्या हातांवर बॅटरी मारायची, दुसऱ्यानं गोष्ट सांगायची. ती बॅटरी माझीच, उशाखालून पळवलेली.

पावसाळ्यात माझा जीव मशिनींत अडकलेला असतो. श्रवणयंत्राला आम्ही मशीनच म्हणतो. दमट हवा, त्यात पोरांचा घाम. रात्री एकेक मशीन पुसायची, सेल काढायचा, बुटांच्या खोक्यात येतात त्या दाण्यांच्या पुड्या ठेवलेल्या डब्यात घालायची. एक वर्ष हे कुणी केलं नाही, गणपतीपर्यंत निम्म्या मशिनी बंद.

सेलवर रंगीत पट्टी असते. ती काढली की हवा लागते आणि सेल सुरू होतो, मग वापरा नाहीतर ठेवून द्या, उतरतोच. एका पोरीला त्या निळ्या पट्ट्या फार आवडल्या. अख्ख्या महिन्याच्या सेलांच्या काढल्या आणि वहीत मोर चिकटवला. मला मेमो मिळाला. मोर खरंच छान होता.

अजून एक. नवीन येणाऱ्यांनी झोपलेल्या मुलाला एकदम हात लावू नये, फार दचकतं. खाट हळू हलवायची.

ऑडिओलॉजिस्ट, पुणे

मूळ लेखिकेशी थोडा मतभेद. खुणांवर बंदी चूकच होती. पण वाचाउपचार म्हणजे छळ असं चित्र कृपया उभं करू नका. लवकर निदान, चांगलं यंत्र आणि रोज मेहनत घेणारं घर मिळालेली मुलं माझ्यासमोर घडाघडा बोलायला लागली आहेत.

अडतं भलतीकडेच. लहान मुलाचा कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा काही महिन्यांत सैल होतो. सैल साच्यातून आवाज बाहेर येऊन यंत्र शिट्टी मारतं. बाळाला ती ऐकू येत नाही, आजीला येते. आजी यंत्र काढते आणि कपाटात ठेवते, 'महागाचं आहे, हरवेल'. सहा महिन्यांनी मूल तपासायला येतं तेव्हा यंत्र नवंकोरं!

शाळेतल्या शिक्षकांना मी एकच सांगते. सकाळी हजेरीआधी मुलाच्या मागं उभं राहून आ, ई, ऊ, श, स, म म्हणा आणि मुलाला ऐकू आलं की हात वर करायला सांगा. मिनिटभराचं काम. 'स' गेला असेल तर सेल बघा, नळी बघा. नाहीतर मूल दिवसभर बंद यंत्र लावून बसतं आणि शेरा मिळतो 'लक्ष नाही'.

एक आई

मुलगे उशिरा बोलतात असं घरात सगळे म्हणायचे. ताट पडलं की माझा मुलगा वळायचा, म्हणून मीही गाफील. तो फरशीच्या हादऱ्यानं वळत होता. आता त्याच्याच शाळेत मदतनीस आहे. बाकी नंतर लिहीन.

माजी विद्यार्थी, आता सांकेतिक भाषा शिकवतो

मी जन्मापासून बधिर. मराठी माझी दुसरी भाषा. शाळेत मी 'मी शाळा जातो' लिहायचो आणि वही लाल व्हायची. शाळाचं शाळेत, घोडाचं घोड्यावर, पाणीचं पाण्यात. तुम्हाला हे कानानं येतं. मी एकेक शब्द पाठ केला, इतिहासाच्या सनावळीसारखा. आमच्या भाषेत असे प्रत्यय नाहीत. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: 'तू नाव काय'. हे चुकीचं मराठी नाही, वेगळ्या भाषेचं व्याकरण आहे. मला हे कळलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. राग आला.

भारतीय सांकेतिक भाषेचा कोश 2018 साली 3000 शब्दांचा आला, 2021 पर्यंत 10,000 झाले. माझ्या वेळी कोश म्हणजे वसतिगृहातली मोठी मुलं.

पाटीवर अजून 'मूकबधिर' आहे. त्यातलं मूक काढा. जेवणाच्या सुट्टीत आमचा वर्ग बघा, कोण मूक आहे?

गंमत सांगतो. प्रत्येक शिक्षकाला मुलं खूण-नाव देतात. एका सरांचं नाव होतं पोट. त्यांना वाटायचं, त्यांना बघून मुलांना भूक लागते.

मूळ लेखिका

हसून पुरेवाट. ऑडिओलॉजिस्टताई, मुद्दा मान्य. त्या सहा ध्वनींची हजेरी आम्हीही घ्यायचो, पण यंत्रं चालू असलेली मुलं मोजून चार.

माझी खूण मला अकरा वर्षांनी कळली. एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नात तिनं नवऱ्याशी ओळख करून देताना तोंडासमोर उभा पंजा धरला आणि फुंकरीनं हलल्यासारखा हलवला. कागदाची पट्टी.