'४के सपोर्टेड' प्रोजेक्टर : अक्षरं पुसट, ओटीटी लावलं की पडदा काळा

विश्रामबागकर (सांगली)
सोसायटीच्या गच्चीवर मॅच बघायला वर्गणी काढून ऑनलाइन प्रोजेक्टर मागवला, साडेआठ हजारांचा. खोक्यावर हे एवढ्या अक्षरात '४के सपोर्टेड, ९००० लुमेन'. प्रत्यक्षात स्कोअर वाचता येत नाही आणि गच्चीवरचा एक दिवा लावला की चित्र गायब. शिवाय मोबाईलची स्क्रीन प्रोजेक्टरवर दाखवून (मिररिंग) ओटीटी लावलं की नुसता आवाज येतो, पडदा काळा. यूट्यूब मात्र मस्त चालतं. विक्रेता म्हणतो, तुमच्या मोबाईलचा प्रॉब्लेम. इकडे वर्गणीदार माझ्याकडे बघतायत. पीस खराब आलाय की जाहिरातच खोटी?

कृष्णाकाठ
मोबाईल सोडा, प्रोजेक्टरला लावायची ओटीटीची स्टिक घ्या आणि मधे स्वस्तातला स्प्लिटर (एका सिग्नलचे दोन करणारी डबी) लावा. काळा पडदा जातोय बघा.

मिरजेचा सोल्डरवाला
स्प्लिटरकडे नंतर येतो. पीस बहुतेक ठणठणीत आहे, म्हणूनच दुरुस्तीला आणू नका.

माहितीपत्रकात कुठंतरी बारीक अक्षरात 'नेटिव्ह रिझोल्यूशन' असेल, म्हणजे आतल्या पॅनेलवर खरे ठिपके किती तो आकडा, ते शोधा. या किमतीत बहुधा १२८० × ७२० निघतं. ४के म्हणजे ३८४० × २१६०. म्हणजे नऊ ठिपक्यांचा माल एका ठिपक्यात कोंबायचा. सिग्नल घेतो एवढ्यावर '४के' छापून मोकळे.

लुमेन म्हणजे उजेडाचं माप, त्याचा हिशोब घरीच होतो. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. म्हणजे वॅटला शंभर धरा. आता प्रोजेक्टरच्या अ‍ॅडाप्टरवर काय लिहिलंय ते वाचून सांगा. खरा आकडा 'एएनएसआय लुमेन'चा, तो पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढतात. खोक्यावर नुसतं 'लुमेन' असेल तर ते जुन्या टेपरेकॉर्डरवरच्या 'पीएमपीओ वॅट'च्या खानदानातलं समजा. आमच्या दुकानात १००० वॅट लिहिलेले डेक यायचे, उघडल्यावर आत ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा.

काळा पडदा हा दोष नाही, कुलूप आहे. ओटीटी अ‍ॅप स्वतःच मिररिंगला चित्र देत नाही, आवाज तेवढा जातो. यूट्यूबचे साधे व्हिडिओ असं करत नाहीत, म्हणून ते चालतं. स्टिक लावलीत तरी प्रोजेक्टरला एचडीसीपी, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राचं कुलूप उघडायची सोय हवी; ४केसाठी तिची २.२ आवृत्ती लागते, नाहीतर चित्र खालच्या दर्जावर उतरतं किंवा येतच नाही. आणि प्रोजेक्टरमध्येच अँड्रॉइड असेल तर त्यावर डीआरएम इन्फो अ‍ॅप टाकून वाइडवाइनची (अँड्रॉइडमधल्या ओटीटीच्या कुलपाची) लेव्हल बघा. एल३, म्हणजे सगळ्यात खालची, आली तर बहुतेक ओटीटी ४८०पीवरच अडकतात, मग पॅनेल कितीही भारी असो. यातलं काही खोक्यावर छापत नाहीत.

कृष्णाकाठ, स्प्लिटरचं म्हणाल तर तसले स्वस्तातले बरेचदा हे एचडीसीपीचं कुलूपच काढून टाकतात, आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ए आलंय. हक्कभंगाच्या इराद्यानं असलं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मी दुकानात ठेवत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
कुलपावरून आठवलं. आमच्याकडं रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स होता. हार्ड डिस्कवर आईनं कीर्तनं साठवली होती. बॉक्स बिघडला, कंपनीनं नवा दिला, डिस्क तीच लावली तर फॉरमॅट करा म्हणतोय. रेकॉर्डिंग जुन्या बॉक्सच्या चावीनंच उघडतं म्हणे. घेताना 'अनलिमिटेड रेकॉर्डिंग' सांगितलेलं. आई अजून त्या माणसाचा उद्धार करते.

विश्रामबागकर (सांगली)
अ‍ॅडाप्टर बघितला : १९ व्होल्ट, ३.४२ अँपियर. नेटिव्ह १२८० × ७२०, पान शेवटचं. रिटर्नची मुदत अजून आहे.

मिरजेचा सोल्डरवाला
म्हणजे ६५ वॅट. पंखा, स्पीकर सगळं बंद करून नुसता दिवा पेटवला तरी ६५०० च्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त उजेड एलसीडी पॅनेलच गिळतं. ९००० कुठून आणणार?

आजच रिटर्न टाका. कारणात 'चित्र आवडलं नाही' लिहू नका, 'जाहिरातीतले लुमेन अ‍ॅडाप्टरच्या वॅटमध्ये बसत नाहीत' असं लिहा आणि अ‍ॅडाप्टरचा फोटो जोडा. त्याआधी विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, मजकूर रातोरात बदलतो. नाही ऐकलं तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथं फी लागत नाही. प्रोजेक्टरचं बिल कुणाच्या नावावर आहे ते मात्र आधी बघा, तक्रार बिलावरच्या नावानंच करा.