'निविष्ठा अनुदान' म्हणजे नेमके कशाचे पैसे?

गोदाकाठ :
परवा गावी होतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अतिवृष्टीची यादी लावलेली: गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम, व्हीके नंबर (केवायसीसाठी लागणारा विशिष्ट क्रमांक). वर मथळा 'निविष्ठा अनुदान'. काका म्हणाले, "निष्ठेचं अनुदान? हे काय नवीन?" मला काही धड सांगता आलं नाही. जाणकारांनी उलगडा करावा.

शेंडेफळ :
निविष्ठा म्हणजे बियाणं, खत, औषध. शेतात जे जे घालावं लागतं ते. खताच्या दुकानाच्या पाटीवर 'कृषी निविष्ठा' असतं बघा. 'इनपुट'साठी घडवलेला सरकारी शब्द.

तर्कट :
घडवला तोही वाकडा. नि + विश् म्हणजे आत शिरणं, त्यावरून निविष्ट. हा ष्ठ निष्ठा, प्रतिष्ठा यांतला, तिथे मुळात 'स्था' आहे. काकांचा गोंधळ त्यामुळेच झाला. पण आता प्रत्येक जीआरमध्ये ष्ठ रुजलाय, म्हणून मी हट्ट सोडला. अर्धा.

बांधावरून :
ष्ट असो की ष्ठ, रक्कम तीच. पण शब्दाचा अर्थ कळायला पाहिजे. आम्ही याला सरसकट 'भरपाई' म्हणतो आणि तिथंच फसतो. भरपाई म्हणजे गेलं तेवढं भरून देणं. हे पैसे गेलेल्या सोयाबीनचे नाहीतच, पुढच्या पेरणीला बी-खत घेता यावं म्हणून आहेत. केंद्राचे २०२२-२३ ते २०२५-२६ चे निकष बघा: नुकसान ३३ टक्के किंवा वर असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत. तिसरा हिस्सा गेला काय नि अख्खं रान वाहून गेलं काय, हेक्टरी दर तोच. कोरडवाहू एकराला ३,४०० च्या आसपास पडतात. डीएपी खताची बॅग १,३५० ला. दोन बॅगा घेतल्या की उरले सातशे, बियाणं अजून घ्यायचंच आहे.
भरपाई म्हणायचंच तर पीकविम्याच्या पैशाला म्हणा.

गोदाकाठ :
आणि कधी कधी 'सानुग्रह अनुदान' म्हणतात, ते?

तर्कट :
अनुग्रह म्हणजे कृपा. देणं लागत नाही, तरी देतो, असा भाव. पालिका कर्मचाऱ्यांना दिवाळीला मिळतं तेही सानुग्रह अनुदानच.

शेंडेफळ :
आमच्या आजीच्या तोंडी एकच शब्द, तगाई. मूळ अरबी, बळ देणं या अर्थाचा. १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याखाली मिळायची ती तगाई, पण फेडावी लागे आणि तोवर उताऱ्यावर बोजा. पीएम किसानचे दोन हजार आले तेव्हाही आजीचा पहिला प्रश्न, "फेडायचे कधी?"

बांधावरून :
गावात 'अनुदान जमा झालं' कोण म्हणतंय! "पीएमचे पडले का?", "गारपिटीचे पडले का?" पैसे 'पडतात'. आणि बँकेनं खात्याला होल्ड लावला असेल तर पडूनही हाताला लागत नाहीत.

गोदाकाठ :
काकांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे पुढच्या बियाण्याचे. मग हरभरा पेरून झाला की पडतील." त्यांचं केवायसी राहिलंय, उद्या सेवा केंद्रात घेऊन जातो.